साऱ्या गावानं एकच पुस्तक वाचलं तर

दिवाळी सरली की फलटण-बारामतीकडचे धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणाच्या वाटेला लागतात. पुढं मेंढ्या, मागं तट्टांवर लादलेलं बिऱ्हाड, कडेवर मूल घेतलेल्या बायका. रस्ता मोकळा होईपर्यंत एसटी थांबते. आपण खिडकीतून बघतो, कुणी मोबाइलवर फोटो काढतं आणि गाडी सुटते. ही माणसं कुठल्या गावची, घरी मागं कोण राहिलं, शेतात मेंढ्या बसवल्याबद्दल त्यांना धान्य मिळतं की पैसे, त्यांच्या मुलांच्या शाळेचं काय होतं, हे विचारायचं राहूनच जातं. वर्षानुवर्षं एकाच रस्त्यावर गाठ पडते, ओळख मात्र होत नाही.

याच समाजावरची व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ पासून मराठीत आहे. पुष्कळांनी ती वाचली आहे, पण एकेकट्यानं. आता असं समजा, की तुमच्या गावातली दीडशेच्या वर घरं ती एकाच दोन महिन्यांत वाचताहेत. पिठाच्या गिरणीवर, सलूनमध्ये, दुधाच्या डेअरीवर त्यातल्या माणसांबद्दल बोलणं निघतंय. आणि शेवटच्या बैठकीला पंचक्रोशीतली धनगर मंडळी तुमच्याच सतरंजीवर तुमच्या शेजारी बसली आहेत. एका पुस्तकाभोवती सारं गाव जमवण्याचा हा उपक्रम मोठ्या खर्चाचा नाही. नेटका मात्र करावा लागतो. तो कसा करावा, हे या लेखात सांगायचं आहे.

ही कल्पना कुठली?

१९९८ साली अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल या ग्रंथपालबाईंनी एक उपक्रम सुरू केला. ‘सगळ्या सिएटलनं एकच पुस्तक वाचलं तर’ असंच त्याचं नाव होतं. पहिलं पुस्तक रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही कादंबरी. एका लहान गावात शाळेच्या बसला अपघात होतो, मुलं दगावतात आणि तोच प्रसंग चार जण आपापल्या परीनं सांगतात: बस चालवणारी बाई, मुलं गमावलेला बाप, बाहेरून आलेला वकील आणि वाचलेली एक मुलगी. एकच घटना आणि चार बाजू असल्यामुळं वाचकांना वाद घालायला, आपलं मत तपासून पाहायला आपोआप जागा मिळाली.

२००१ साली शिकागोनं हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ निवडली. खोट्या आरोपात अडकलेला कृष्णवर्णीय माणूस आणि त्याचं वकीलपत्र घेणारा गोरा वकील यांची ही गोष्ट. गोऱ्या आणि काळ्या वस्त्या जिथं वेगवेगळ्या आहेत अशा शहरात ती एकाच वेळी सर्वांच्या हातात गेली. वाचणाऱ्यांना लावायला छोटे बिल्ले दिले होते. रेल्वेत समोर बसलेल्या अनोळखी माणसाच्या छातीवर तोच बिल्ला दिसला की बोलणं सुरू करायला निमित्त मिळे.

तिसरी हकिकत न्यूयॉर्कची, आणि शिकण्यासारखं तीत सर्वांत जास्त आहे. २००२ साली तिथं पुस्तकच ठरेना. एका गटाला चँग-रे ली यांची ‘नेटिव्ह स्पीकर’ हवी होती, दुसऱ्याला जेम्स मॅकब्राइड यांचं ‘द कलर ऑफ वॉटर’. अमुक पुस्तकानं तमुक समाज दुखावेल अशी भीती बोलून दाखवली गेली आणि निवड करणारेच दुभंगले. एवढ्या मोठ्या शहराचा उपक्रम पहिल्याच पायरीवर अडखळला. म्हणूनच पुढं निवडीवर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे.

आपल्याकडची मुळं

गावानं मिळून ग्रंथ वाचायचा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. व्यासपीठ चालक पुढं बसतो, रांगेनं पोथ्या उघडल्या जातात, वेळ ठरलेली असते, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद होतो. यातून चार गोष्टी सरळ उचलता येतात: ठरलेली वेळ, मोठ्यानं वाचन, पुढाकार घेणारा एक जाणता माणूस आणि शेवटी एकत्र जेवण. फरक एवढाच, की पारायणात ग्रंथापुढं मान लववायची असते आणि इथं पुस्तकाला प्रश्न विचारायचे असतात. हा फरक पहिल्याच दिवशी गावाला समजावून सांगा, म्हणजे ‘पुस्तकात लिहिलंय म्हणजे खरंच’ असं कुणी धरून चालणार नाही.

अलीकडची दोन उदाहरणंही डोळ्यांपुढं ठेवा. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली होती. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावात २५ ठिकाणी, अगदी लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तकं मांडली गेली. नाशिकमधून विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या साथीनं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ चालवलं. तिथं वाचक पुस्तकाकडं येण्याची वाट पाहिली नाही. पुस्तकांच्या पेट्याच वाचकांच्या गटांकडं गेल्या, परदेशातल्या मराठी घरांपर्यंतही पोहोचल्या. दोन्हींचा धडा एकच: माणसं जिथं रोज येतात-बसतात तिथं पुस्तक न्यायला हवं.

आधी माणसं ठरवा, पुस्तक नंतर

बहुतेक ठिकाणी पहिली चूक इथंच होते. दोन-तीन वाचनवेडी मंडळी आपल्या आवडीचं पुस्तक ठरवतात आणि मग गावाला बोलावतात. त्यामुळं येतात तेही त्यांच्याच ओळखीचे. उपक्रम चांगला होतो, पण वाचनालयाचे जुने वर्गणीदारच पुन्हा एकदा एकमेकांना भेटतात.

सात जणांची समिती करा. ग्रंथपाल हवेतच. एक शिक्षक, बचत गटातली एक ताई, आशाताई आणि तरुण मंडळाचा एक कार्यकर्ता घ्या. उरलेल्या दोन जागा अशा वस्तीसाठी राखा, जिथून आजवर वाचनालयात कुणी आलेलं नाही. ती वाडी असेल, तांडा असेल, मोहल्ला असेल, नाहीतर वीटभट्टीवरची पालं असतील. त्या दोघांना फक्त नावाला घेऊ नका. पुस्तक निवडण्याच्या बैठकीत त्यांना इतरांइतकंच मत द्या आणि बैठक एकदा तरी त्यांच्या वस्तीत घ्या. आशाताईंचं नाव मुद्दाम घेतलं आहे. गावातल्या प्रत्येक घराचा उंबरठा ओलांडलेलं माणूस बहुधा त्याच असतात.

पुस्तक कसं निवडावं?

नॅन्सी पर्ल यांचा आग्रह असा, की हा साहित्याचा उपक्रम आहे, नागरिकशास्त्राचा तास नव्हे. तो मला मोलाचा वाटतो. सलोख्याचा उपदेश करणारं पुस्तक निवडलं तर लोक दोन पानांत ओळखतात आणि मिटून ठेवतात. आधी पुस्तक खिळवून ठेवणारं हवं. बाकीच्या कसोट्या अशा:

१. पानं दोनशेच्या आत असावीत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दहा दिवसांत संपवता आलं पाहिजे.

२. प्रती आज बाजारात मिळाव्यात. आवृत्ती संपलेलं पुस्तक कितीही थोर असलं तरी या कामाला नको.

३. त्यात एकाहून अधिक बाजू असाव्यात. वाचून सगळ्यांचं एकच मत होणार असेल, तर बैठकीत बोलायचं काय?

४. त्यातला समाज तुमच्या पंचक्रोशीत खरोखर असावा, किंवा तुमच्या गावाशी त्याचं काही नातं असावं.

५. गावात ज्या प्रकरणावरून गेल्याच वर्षी डोकी फुटली, नेमकं त्याच विषयाचं पुस्तक पहिल्या वर्षी घेऊ नका. आधी एकत्र बोलायची सवय लागू द्या. अवघड पुस्तकाला दुसरं-तिसरं वर्ष असतंच.

समितीच्या प्रत्येक सभासदानं तीन नावं आणावीत. त्यांतून तीन पुस्तकं निवडून ती सगळ्यांनी पुरती वाचावीत आणि मगच मतदान घ्यावं. न वाचता केलेली निवड पुढं निभावत नाही.

सुरुवातीला विचार करावा अशी काही नावं देतो.

‘बनगरवाडी’ पहिल्या वर्षासाठी उत्तम. तरुण शिक्षक परक्या वस्तीत येतो, हळूहळू तिथला होतो, गाव श्रमानं तालीम उभी करतं आणि मग दुष्काळ सगळं उधळून लावतो. भाषा सोपी, प्रकरणं आटोपशीर, मोठ्यानं वाचायला सुरेख.

वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ पासून मराठी घरांत वाचलं जातं. गुलामीत जन्मलेल्या आणि पुढं शेतीचा मोठा शास्त्रज्ञ झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं हे चरित्र. माती आणि भुईमूग हे विषय शेतकऱ्याला जवळचे असल्यानं तो सहज सामील होतो आणि वर्णभेदावरून बोलणं आपसूक आपल्या जातींवर येतं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ थोडी मोठी आहेत, पण त्यांचे भाग पाडून वाचता येतात. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी ताटातूट सोसली, त्या पुन्हा संसारात आल्या आणि कुणाच्या हातचं पाणी प्यावं या प्रश्नाशी स्वतःच्या मनात झुंजल्या. हे सगळं त्या इतक्या मोकळ्या, हसऱ्या भाषेत सांगतात की कोणत्याही धर्माच्या वाचकाला परकं वाटत नाही. वसई, अहिल्यानगर, जालना या भागांत तर हे पुस्तक शेजाऱ्याची ओळख करून देणारं आहे.

दोन-तीन वर्षं उपक्रम रुजल्यावर दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), कैकाडी समाजातून आलेल्या लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०), बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, कोकणातल्या गावातला हिंदू-मुस्लिम ताण उभा करणारी हमीद दलवाई यांची ‘इंधन’ (१९६५) ही पुस्तकं घ्यावीत. एक क्रम मुद्दाम सुचवतो. एका वर्षी बाहेरच्या माणसानं एखाद्या समाजावर लिहिलेलं वाचा आणि पुढच्या वर्षी आतल्या माणसानं स्वतः लिहिलेलं. माडगूळकर माणदेशातलेच, पण धनगर नव्हते. ‘उपरा’ मात्र पाठीवर बिऱ्हाड घेऊन वाढलेल्या माणसानं लिहिलंय. दोन्ही वाचली की सांगणारा कुठं उभा आहे यानं काय बदलतं, हे व्याख्यानाशिवाय कळतं.

प्रती, पैसे आणि परवानगी

हिशोब सोपा आहे. तीस प्रती घ्या. एका घरी दहा दिवस पुस्तक ठेवलं, तर साठ दिवसांत सहा फेऱ्या होतात, म्हणजे १८० घरं. एका घरात दोघांनी वाचलं तरी ३६० वाचक. पाचशे उंबऱ्यांच्या गावात एवढ्यानं वातावरण तयार होतं.

प्रकाशकाला थेट पत्र लिहा. एकगठ्ठा प्रतींवर सवलत मिळू शकते. पैशासाठी एका मोठ्या देणगीदाराच्या मागं लागण्यापेक्षा तीस जणांकडून एकेक प्रत मागा. लग्नाचा वाढदिवस, आईवडिलांची स्मृती, मुलाची नोकरी अशा निमित्तानं लोक आनंदानं देतात. प्रतीच्या पहिल्या पानावर देणाऱ्याचं नाव लिहा. राजकीय पक्षाचं चिन्ह किंवा फ्लेक्स मात्र कुठंही नको. तो दिसला की गावातली निम्मी दारं बंद होतात.

शेवटच्या पानाला एक कोरा कागद चिकटवा. वाचून झालं की प्रत्येकानं आपलं नाव, आळी आणि मनात राहिलेली एक गोष्ट एका वाक्यात लिहायची. पुस्तक पुढच्या घरी जातं तेव्हा ही वाक्यंही सोबत जातात. दोन महिन्यांनी तीस प्रतींचे हे तीस कागद म्हणजे गावानं स्वतःशी केलेला पत्रव्यवहार असतो.

स्कॅन केलेली पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. तसं करणं लेखकाच्या हक्कावर घाला आहे आणि कायद्याविरुद्धही. बैठकीत बेताचे उतारे मोठ्यानं वाचायला कायद्याची हरकत नाही. संपूर्ण पुस्तकाचं ध्वनिमुद्रण करून वाटायचं असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळं ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांना खुली आहे. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. ‘स्मृतिचित्रे’तला त्यांनी स्वतः लिहिलेला भागही खुला आहे. हाताशी पैसा अगदीच नसेल तर अशा पुस्तकातले निवडक भाग स्वतः छापून घेता येतात.

दोन महिन्यांचं वेळापत्रक

खेड्यासाठी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. पेरण्या उरकलेल्या असतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं अजून गावात असतात. धनगरांचे वाडेही पावसाळ्यात मूळ गावी परतलेले असतात. म्हणजे वर्षातला बराच काळ जे बाहेर असतात ते याच दिवसांत भेटतात. श्रावणात पोथी ऐकण्याची जुनी सवयही मदतीला येते.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घोषणा करा. विषय आधीच ग्रामपंचायतीकडं देऊन ठेवा. त्याच संध्याकाळी पारावर किंवा समाजमंदिरात पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचा आणि नेमकं उत्कंठेच्या जागी थांबा. पहिल्या तीस प्रती तिथंच द्या.

पुढचे चार आठवडे वाचनाचे. दर शनिवारी ठरलेल्या वेळी एका वेगळ्या वस्तीत अर्धा तास वाचन ठेवा: एकदा मंदिराच्या ओट्यावर, एकदा मोहल्ल्यात, एकदा शाळेत, एकदा तांड्यावर. ठिकाण फिरतं ठेवणं या उपक्रमाचा प्राण आहे. या निमित्तानं ज्या गल्लीत माणसांनी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही, तिथं ती जाऊन चहा पितात.

गणेशोत्सवात मंडळांना सोबत घ्या. पुस्तकातल्या एका प्रसंगाचं नाट्यवाचन, मुलांनी काढलेली चित्रं, पुस्तकात येणाऱ्या वस्तूंचं छोटं प्रदर्शन असं काही करता येतं. ‘बनगरवाडी’ असेल तर घोंगडं, काठी, लोकर कातरायची कात्री आणि ती वापरणारा माणूस, सगळं गावाजवळच सापडेल.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात गटचर्चा उरका, कारण त्यानंतर सोयाबीनची काढणी सुरू होते. शेवटचा मेळावा १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी. त्या दिवशी सामुदायिक जेवण ठेवा, प्रत्येक वस्तीतून एक पदार्थ घेऊन. अन्न कुणाच्या घरून आलं हे जाहीरपणे, मानानं सांगा. आपल्या समाजात शेजारी बसून वाचणं सोपं आहे. शेजाऱ्याच्या हातचं जेवणं ही खरी परीक्षा असते.

शहरातल्या सोसायट्यांना हाच आराखडा दिवाळीनंतर, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत पसरवता येईल. फक्त दहावी-बारावीच्या परीक्षा सांभाळा.

सतरंजीवर कोण कुठं बसतं

चर्चा एका गटात दहा-बारा जणांचीच हवी. पन्नास जण जमले तर भाषणं होतात, बोलणं होत नाही. गट चिठ्ठ्या टाकून करा, नाहीतर माणसं आपापल्या आळीप्रमाणं बसतात. प्रत्येक गटात तीन पिढ्या आणि निदान तीन वस्त्या असतील एवढं बघा. व्यासपीठ नको, खुर्च्या नकोत. गोल बसा. बायकांची संख्या निम्मी हवी असेल तर वेळ त्यांच्या सोयीनं ठरवा आणि मुलं सांभाळायला दोन तरुण नेमा.

सूत्रधार म्हणून सर्वांत विद्वान माणूस निवडू नका. ज्याला ऐकता येतं तो निवडा. त्याची कामं तीन: पहिला प्रश्न विचारायचा, जास्त बोलणाऱ्याला मायेनं थांबवायचं आणि गप्प असलेल्याला वाट करून द्यायची. सुरुवात नेहमी पुस्तकापासून करा, मग स्वतःच्या अनुभवाकडं या आणि गावाकडं सर्वांत शेवटी. सरळ ‘आपल्या गावात भेदभाव आहे का?’ असं विचारलं की सगळे ‘नाही’ म्हणून मोकळे होतात.

‘बनगरवाडी’साठी प्रश्न असे असू शकतात. गावाबद्दल शिक्षकाचा पहिला समज कोणता होता आणि तो कशानं बदलला? तालीम बांधण्यानं गावाला काय दिलं? आनंदा रामोशी चोऱ्या करतो असं दाखवलंय, ते वाचताना आजच्या रामोशी वाचकाला काय वाटेल? हीच गोष्ट एखाद्या धनगर बाईनं सांगितली असती तर कुठून सुरू झाली असती? तुम्ही कधी परक्या गावात नवखे होता का आणि तिथं तुम्हाला पहिल्यांदा आपलं कुणी म्हटलं? दुष्काळात आपल्या गावातून कोण गेलं आणि कोण परतलं नाही?

रामोश्यावरचा प्रश्न निघाला की कुणीतरी उमाजी नाईकांचं नाव काढेल. इंग्रजांविरुद्ध उठलेला आणि १८३२ साली फाशी गेलेला हा माणूस त्याच समाजातला. एका कादंबरीतलं एक पात्र म्हणजे अख्खा समाज नव्हे, हे त्या क्षणी न सांगताही सर्वांना पटतं.

ठिणगी पडली तर

कधीतरी पडणारच. कुणी म्हणेल, ‘आमच्या लोकांना मुद्दाम वाईट दाखवलंय’. दुसरा म्हणेल, ‘जुन्या गोष्टी उकरायच्या कशाला?’ अशा वेळी घाईघाईनं विषय बदलू नका. बोलणाऱ्याला पुस्तकातलं पान काढायला सांगा आणि तो उतारा मोठ्यानं वाचा. निम्मे वाद ऐकीव गोष्टींवर असतात, पान उघडलं की ते निवतात. उरलेले वाद खरे असतात. ते ऐकून घ्यावेत, नोंदवून ठेवावेत आणि दुखावलेल्या माणसाच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन चहा घ्यावा. बैठकीतलं बोलणं व्हॉट्सअॅपवर टाकायचं नाही आणि रेकॉर्डिंग करायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सर्वांकडून कबूल करून घ्या.

दुसरी काळजी पाहुण्यांबाबत. ज्या समाजावर पुस्तक आहे त्यांना ‘नमुना’ म्हणून पुढं बसवू नका. ‘तुम्ही लोक असं का करता?’ हा प्रश्न विचारलेला माणूस पुन्हा येत नाही. त्यांना वाचक म्हणून बोलवा, पुस्तक आधी त्यांच्या हातात द्या आणि त्यांना काय पटलं, काय चुकीचं वाटलं हे विचारा. एकट्यादुकट्याला न बोलावता चार-पाच जण येतील असं बघा, म्हणजे साऱ्या समाजाच्या वतीनं बोलण्याचं ओझं एकावर पडत नाही.

ज्यांना वाचता येत नाही

त्यांच्याविना हा उपक्रम अपुरा आहे. गावातले अनेक आजीआजोबा, मजुरीवर आलेली माणसं अक्षरं वाचू शकत नाहीत, पण ऐकण्यात आणि सांगण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. सातवी-आठवीच्या मुलांच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीकडं दोन घरं सोपवा. रोज संध्याकाळी दहा पानं वाचून दाखवायची आणि ऐकणाऱ्यानं त्या बदल्यात आपली एक आठवण सांगायची. ती मुलांनी वहीत उतरवायची. या वह्या शेवटच्या मेळाव्यात वाचल्या की पुस्तकाला गावाचं स्वतःचं परिशिष्ट जोडलं जातं.

दोन भाषांची गावं, परदेशातली मंडळं

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू शेजारी नांदतात. बेळगाव परिसरात मराठी-कन्नड घरं भिंतीला भिंत लावून आहेत. अशा ठिकाणी एकच पुस्तक दोन भाषांत वाचावं. एस. एल. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ मूळ कन्नडमध्ये आहे आणि उमा कुलकर्णींच्या अनुवादानं मराठीत आली आहे. लांबीची कसोटी इथं बाजूला ठेवावी लागेल आणि वाचनाला जास्त दिवस द्यावे लागतील. पण कन्नड वाचक मूळ शब्द सांगतो, मराठी वाचक अनुवादातला सांगतो आणि दोघं मिळून तिसराच अर्थ शोधतात. साने गुरुजींनी आंतरभारतीचं, म्हणजे भारतीय भाषा एकमेकींशी जोडण्याचं, जे स्वप्न पाहिलं, ते एवढ्याशा सतरंजीवरही थोडं खरं होतं.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत आजी मराठी वाचते आणि नातू इंग्रजी. ‘बलुतं’ जेरी पिंटो यांच्या अनुवादानं २०१५ पासून इंग्रजीत आहे. आजीनं मूळ वाचावं, नातवानं अनुवाद वाचावा आणि मंडळाबाहेरच्या शेजाऱ्यांनाही चर्चेला बोलवावं. म्हणजे मराठी माणसाची ओळख सणांच्या फराळापुरती राहत नाही.

झालं ते मोजायचं कसं?

एक रजिस्टर ठेवा. किती प्रती फिरल्या, किती हरवल्या, किती जण आले, हे लिहाच. वाचनालय अनुदानित असेल तर अहवालालाही ते उपयोगी पडतं. पण त्याच रजिस्टरात आणखी तीन रकाने आखा. वाचनालयाचे नवे सभासद कोणत्या वस्तीतले? शनिवारच्या वाचनाला दुसऱ्या वस्तीतून किती जण आले? आणि उपक्रम संपल्यानंतर सहा महिन्यांत कोण कुणाच्या लग्नाला, मयताला, सणाला पहिल्यांदा गेलं? तिसरा रकाना भरायला वेळ लागतो आणि तो भरायला गावात फिरावं लागतं. तरी तो सोडू नका.

पहिल्या वर्षी आकडे लहान असतील. तीस प्रती परवडल्या नाहीत तर दहा घ्या, साठ घरं होतील. दोन बैठका फसतील, एखाद्या वस्तीतून कुणीच येणार नाही. तिथं पुन्हा जा. उपक्रम रुजला की नाही, याची एक खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. पुढच्या वर्षीचं पुस्तक ठरवायला समिती बसते तेव्हा ते कोण सुचवतं, याकडं लक्ष ठेवा. आजवर ज्या वस्तीतून वाचनालयात कुणी आलं नव्हतं, तिथला एखादा माणूस पिशवीतून पुस्तक काढून म्हणाला, ‘या वर्षी हे वाचू, यात आमच्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे’, तर ते पुस्तक घ्या. इतकी वर्षं तो तुम्हाला वाचत आला आहे, आणि आता त्याच्या शेजारी बसून ते वाचायची पाळी तुमची आहे.